कारण सांगायचं नाही

बायकोचं बोलणं आता कळायला अवघड जातं. सकाळी थोडं स्पष्ट असतं, दुपारनंतर नुसता सूर येतो. पुढंमागं तोही जाईल असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे. कधी जाईल ते कुणी सांगत नाही. मला तिला एक गोष्ट सांगायची होती आणि त्यावर तिनं काहीतरी बोलावं अशी इच्छा होती. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण तिचा आवाज शाबूत असेपर्यंत सांगायला हवं होतं, आणि मी रोज ते उद्यावर ढकलत होतो. माणूस गप्प स्वभावाचा असला की लोक त्याला सोशिक समजतात. माझ्या गप्प राहण्यात सोशिकपणा कमी आणि भित्रेपणा जास्त होता, हे आता लिहून टाकायला हरकत नाही.

मी तालुक्याच्या गावी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. संध्याकाळी कराटेचे वर्ग घेतो. एका मंगल कार्यालयाचे मालक ओळखीचे, त्यामुळे लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी त्यांचा हॉल मिळतो. तिथी असली की आम्ही बाजार समितीच्या शेडमध्ये, लिंबांच्या गोण्यांच्या वासात. मुलांना सोडायला आलेल्या आया वर्ग सुटेपर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहायच्या. त्यातल्या काष्टीहून येणाऱ्या एकीनं एकदा विचारलं, "सर, आमी नुसतं बसून काय करायचं? आमाला बी शिकवा की. घरी उपेगी पडंल." सगळ्या हसल्या. पण पुढच्या महिन्यात आयांची बॅच सुरू झाली.

माझी बायको त्या बॅचमध्ये आपण होऊन आली. मी बोलावलं नव्हतं. "तुम्ही गावभरच्या बायकांना शिकवता, मग मी काय घोडं मारलंय?" एवढंच म्हणाली. पांढरा ड्रेस आणला, विजारीची उंची स्वतःच कमी करून टाके घातले आणि पहिल्या दिवशी शेवटच्या रांगेत उभी राहिली. वर्गात शिरताना वाकून नमस्कार करायचा आणि मला सर म्हणायचं, हा नियम तिलाही होता. काष्टीच्या बाईंनी लगेच विचारलं, "वैनी, घरी कोन कोनाला वाकतं वो?"

"घरी झाडताना मीच वाकते," बायको म्हणाली. "पण त्याला कुणी बेल्ट देत नाही."

मीही हसलो होतो. त्या बॅचमध्ये मी हसल्याचं मला फारसं आठवत नाही, हे आठवतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काता म्हणजे समोर नसलेल्या माणसांशी ठरलेल्या क्रमानं केलेली लढाई. नवशिक्याला पहिला काता शिकवतात तो अगदी साधा असतो. डावीकडे वळायचं, खालचा वार अडवायचा, एक पाऊल पुढं टाकून ठोसा. मग मागं वळून तेच. मग मधल्या रेषेवर सलग ठोसे आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा वळणं. ठोसा मारणारा हात पुढं जातो तेव्हा दुसरा हात मूठ आवळून कमरेला यायला हवा. बघणाऱ्याचं लक्ष पुढच्या हाताकडं असतं. शिकवणाऱ्याचं मागच्या हाताकडं असायला हवं, कारण शिकणारा आळस तिथं करतो. हे मी हजार वेळा बोललो असेन.

आमच्या वर्गाची चुका काढायची एक पद्धत होती. एकानं मध्ये येऊन काता करायचा, बाकीच्यांनी मांडी घालून बसायचं. काता झाला की प्रत्येकानं एकच चूक सांगायची. छान झालं, बरं झालं, हे शब्द बंद. आणि ज्याचा काता झाला त्यानं उत्तर द्यायचं नाही. वाकायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. पाय मुरगळला होता, घरी पाहुणे होते, सराव झाला नाही, यातलं काही बोलायचं नाही. मला माझ्या गुरूंनी नगरला असंच शिकवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. माणूस कारण सांगायला लागला की सुधारणं थांबवतो, असं मी मुलांना सांगायचो. त्यात तथ्य नाही असं आजही म्हणवत नाही. पण तो नियम मुलांसाठी होता आणि मी तो सगळ्यांना लावला.

सुरुवातीला बायको चांगली होती. इतर बायकांच्या दिशा चुकायच्या, उजवीकडं वळायच्या जागी डावीकडं वळून एकमेकींवर आदळायच्या आणि हसत सुटायच्या. हिच्या दिशा कधी चुकल्या नाहीत. स्वयंपाकघरात ओटा आणि फ्रिज यांच्या मध्ये ती तो काता पाठ करायची. कुकरची शिट्टी होईपर्यंत एक फेरी. मी पेपर वाचत बसलेला असायचो. "अहो, तिसऱ्या वळणानंतर डावा पाय पुढं ना?" ती आतून विचारायची आणि मी न बघता हो म्हणायचो.

गणपतीनंतर कधीतरी तिची उजवी मूठ सैल पडायला लागली. ठोसा नीट जायचा. पण हात कमरेला येईपर्यंत बोटं उघडायची आणि अंगठा बाहेर निघायचा. पहिल्यांदा काष्टीच्या बाईंनीच ती चूक सांगितली, कारण पाळी त्यांची होती. "मूठ ढिली पडली," म्हणाल्या. बायको वाकली आणि जागेवर गेली. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. मग त्या चुकीचा सगळ्यांना कंटाळा आला आणि ती सांगायचं काम माझ्याकडं आलं.

मी कठोर झालो. कठोर होणं मला सोपं गेलं, कारण आयांचं लक्ष होतं. सरांची बायको सगळ्यांत कच्ची निघाली, हे मला लागत होतं. एकदा मी म्हणालो, "जिला स्वतःची मूठ आवळता येत नाही, ती घर कसं आवळून धरत असेल कोण जाणे." एकदोघी हसल्या. ती म्हणाली, "सर, हात..." मी बोट वर केलं. "कारण सांगायचं नाही." ती वाकली.

तेव्हा काष्टीच्या बाई नियम मोडून बोलल्या. "सर, राग मानू नगा. वैनींचा हात दुखत आसंल. लई दिस बगतीय मी."

"दुखत असेल तर दवाखाना आहे," मी म्हणालो. "इथं काता चाललाय."

वर्ग सुटल्यावर हॉलच्या पायरीवर चपला घालताना काष्टीच्या बाई बायकोला काहीतरी विचारत होत्या. मी गाडी सुरू करून हॉर्न वाजवला.

आता जे सांगायचं आहे ते याच्या नंतरचं. पुढच्या वर्गात मी तिला मध्ये उभं केलं आणि मूठ कशी वळायची ते तिचा हात हातात घेऊन सगळ्यांना दाखवायला लागलो. आधी चार बोटं आत, मग अंगठा वरून. तिची बोटं मी माझ्या हातानं मिटली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला जो मांसल भाग असतो, तो तिथं नव्हता. खळगा पडला होता. आणि माझ्या बोटाखाली, तिच्या कातडीच्या आत, काहीतरी फडफडत होतं. गाईच्या अंगावर माशी बसली की कातडं कसं थरथरतं, तसं. ती काही करत नव्हती, हात मोकळा सोडलेला होता, आणि ते आपलं आपण चाललं होतं.

मी चमकलो. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हाताला कळलं हे तिला कळलं. आम्ही दोघं तेवढ्या बायकांच्या मध्ये उभे होतो आणि मला विचारता आलं असतं. वर्ग थांबवता आला असता. निदान घरी गेल्यावर तरी विचारता आलं असतं. मी हात सोडला आणि बायकांकडं वळून म्हणालो, "पाहिलंत? हाताला सवय नाही. आळस आहे नुसता."

असं का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. घाबरलो होतो, हे एक. पण नुसतं तेवढंच असतं तर घरी विचारलं असतं. विचारलं तर मी महिनाभर जे बोलत आलो ते चुकीचं ठरणार होतं, तेही त्याच बायकांसमोर. त्यापेक्षा तिला आळशी ठरवणं मला परवडलं.

घरातही दिसत होतं. दारात ती रोज रांगोळी काढायची, चिमटीतून रेघ कशी एकसारखी पडायची. एके दिवशी तिथं स्टिकर चिकटवलेला दिसला. "हे काय?" मी विचारलं. "सगळेच लावतात हल्ली," ती म्हणाली. भाकरी बंद झाली. मला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, तसं बोलूनही दाखवलं. "बाजरी चांगली येत नाही," ती म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली. लाटणं दोन्ही हातांनी धरता येतं, भाकरी थापायला एका पंजात जोर लागतो. एवढं कळायला क्रीडाशिक्षकच असावं लागतं असं नाही. मी बाजरी बदलून आणली.

संक्रांतीच्या आधी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा झाली. परीक्षक मीच. बॅचमधल्या बाकी सगळ्या पास झाल्या, जिला अजून डावं-उजवं कळत नव्हतं तीसुद्धा. बायकोला मी नापास केलं. मूठ सैल, असं कारण सगळ्यांसमोर दिलं. तिचा काता एरवी सर्वांत शुद्ध होता. तिला पास केलं असतं तर घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं लोक म्हणाले असते, ही भीती मला होती. झालं उलटंच. लोकांनी माझं कौतुक केलं. शाळेत एक सहकारी म्हणाला, "मानलं तुम्हाला. सख्ख्या बायकोलाही सोडलं नाहीत." मी चहाचा कप हातात धरून उभा होतो आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

त्या संध्याकाळी तिला मी एकच वाक्य बोललो, "पुढच्या वेळी होईल." ती म्हणाली, "हो." मग ती इतर बायकांसाठी केलेल्या तिळाच्या वड्या डब्यात भरायला लागली. वड्या तिनं आधीच करून ठेवल्या होत्या, सगळ्या पास झाल्यावर वाटायला.

तिनं सराव सोडला नाही. उलट वाढवला. एका रविवारी सकाळी मी पाणी प्यायला उठलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ती परसात दिसली. कपड्यांच्या दोरीखाली उभी होती. काता सुरू करायच्या आधी ती डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं मिटत होती. एकेक बोट आत घेत होती, मग अंगठा वरून, मी शिकवला तसा. मूठ तयार झाली की एक क्षण तिच्याकडं बघायची आणि घाईनं सुरुवात करायची, जणू ती टिकेपर्यंत उरकायचं आहे. पहिल्या वळणावर बोटं उघडली. ती थांबली, परत जागेवर आली, परत डाव्या हातानं बोटं मिटायला लागली.

मी खिडकीतून मागं सरकलो. तांब्या वाजू नये म्हणून हळू ठेवला.

पुढं फेब्रुवारीत तिच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं आणि पायावर भाजलं, तेव्हा कुठं दवाखाना झाला. गावातल्या डॉक्टरांनी मानेची नस दबली म्हणून पट्टा दिला. नगरला दुसऱ्यांनी पट्टा काढून तपासण्या सांगितल्या. शेवटी पुण्याला गेलो. मुलगा तिथंच शिकतो, तोही आला. पुण्याच्या डॉक्टरांनी तिचा हात उलटा-सुलटा पाहिला, तो खळगा बोटानं दाबला आणि विचारलं, "हे कधीपासून आहे?"

मी म्हणालो, "महिना-दीड महिना झाला असेल. त्याआधी काही नव्हतं."

ती शेजारी बसली होती. तेव्हा तिचं बोलणं खणखणीत होतं. एका वाक्यात मला खोटं पाडता आलं असतं. मुलगा समोर उभा होता. तिनं मान किंचित खाली घातली, वर्गात चूक ऐकून घ्यायची तशी, आणि समोरच्या भिंतीकडं पाहत राहिली.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हात-पायांना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, औषधानं वेग थोडा कमी होतो, थांबत नाही. मग त्यांनी आमच्या समाधानासाठी म्हणून सांगितलं, "आधी आला असता तरी फार फरक पडला नसता." हे वाक्य ऐकून माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. परतीच्या वाटेवर दौंड ओलांडून काष्टीला चहाला थांबलो. ती गाडीतच बसली. मी गाड्यावर उभा राहून वडे खाल्ले, मिरचीसकट, पोटभर. बायकोचं मरण ऐकून आलेला माणूस वडे खातो, कारण आपण सुटलो असं त्याला वाटलेलं असतं. वडेवाल्यानं तिच्यासाठी पुडी बांधून दिली. ती तिनं तशीच मांडीवर ठेवली. घरी येईपर्यंत कागद तेलानं पारदर्शक झाला होता.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. औषधानं फरक पडला नसता. पण त्या पाच-सहा महिन्यांत आपल्या हाताला काय होतंय या भीतीत ती एकटी होती आणि त्याच घरात मी भाकरी मागत होतो. तिला एक माणूस मिळायला हवा होता, जो म्हणेल की बघू दे तुझा हात. तो हात मी पाहिला होता आणि सोडून दिला होता. याला कुठल्या डॉक्टरचं वाक्य लागू पडत नाही.

नातेवाईक येतात, म्हणतात, तुम्हाला तरी काय माहीत असणार. मी मान हलवतो. मेहुण्यालाही तेच सांगितलं आहे, मुलालाही. मुलगा हे वाचेल. त्याला तोंडानं सांगायला हवं होतं.

आयांची बॅच मी बंद केली. मुलांचे वर्ग चालतात. चुका काढायची पद्धत तीच आहे, फक्त कुणी वाकल्यावर मी विचारतो, काही म्हणायचंय का? मुलं गोंधळतात. काही नाही सर, म्हणतात.

तिला सांगायचं शेवटी परवा जमलं. सकाळची वेळ होती, तिला व्हरांड्यात ऊन येतं तिथं खुर्चीत बसवलं होतं. मी नाचणीची पेज चमच्यानं देत होतो. ती नीट गिळेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात मी बोलायला लागलो. वर्गात तुझा हात धरला तेव्हा मला कळलं होतं, म्हणालो. परसातलंही मी पाहिलं होतं. डॉक्टरांसमोर खोटं बोललो. "तुझा हात एवढा दुखत होता आणि तुला बोलू दिलं नाही. सगळ्यांसमोर आळशी म्हणालो. दुखणं सोसून तू काता करत राहिलीस आणि मी नापास केलं." असंच काहीतरी. पाठ केलेलं बरंच होतं, त्यातलं निम्मंही आलं नाही.

ती माझ्याकडं बघत होती. मग बोलली. मला काही कळलं नाही.

मी "हो, हो" म्हणालो. आजारी माणसाला म्हणतात तसं. तिनं डोळे घट्ट मिटले. ती चिडली की आता असंच करते.

"नाही कळलं," मी म्हणालो. "परत सांग."

ती परत बोलली. मी वाटी खाली ठेवली, कान तिच्या तोंडाजवळ नेला. श्वास लागत होता, मध्ये थांबावं लागत होतं. मी एक शब्द पकडायचा, मोठ्यानं म्हणायचा, चुकला तर ती डोळे मिटायची, बरोबर असला तर उघडे ठेवायची. हात, हा शब्द आला. मग दुखत. मी म्हणालो, "हात दुखत होता." तिनं डोळे मिटले. पुन्हा म्हणालो, तिनं पुन्हा मिटले. मला वाटलं मी भलतंच ऐकतोय. ऊन खुर्चीच्या पायापर्यंत सरकलं.

"दुखत नव्हता?"

डोळे उघडे राहिले.

माझी क्षमायाचना तिनं ऐकली होती आणि त्यातली चूक काढली होती. एवढा काळ मी धरून चाललो होतो की तिनं दुखणं लपवलं. तसं नव्हतं हे मला पुण्यालाच कळायला हवं होतं. या आजारात दुखत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, माझ्यासमोरच म्हणाले होते. पण मी तिला कधी विचारलंच नव्हतं की तुला नेमकं काय होत होतं.

अजून काहीतरी राहिलं होतं. ती परत प्रयत्न करायला लागली. थकली होती, मान एका बाजूला कलली होती, मी ती हातानं सावरून धरली. हे वाक्य छोटं होतं आणि तरी खूप वेळ लागला.

"वळतच नव्हती," मी म्हणालो. "मूठ वळतच नव्हती."

डोळे उघडे. मी दोन्ही वाक्यं पुन्हा एकदा सलग म्हणून दाखवली, हात दुखत नव्हता, मूठ वळतच नव्हती. ती माझ्याकडं बघत राहिली, मला नीट कळलं आहे का ते तपासत असल्यासारखी. बाकी माझ्या बोलण्यावर ती काही म्हणाली नाही. माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. पेज तोवर गार झाली होती. गरम करून आणतो म्हणालो, तर तिनं तोंड उघडलं. मी गारच भरवली.